भाचीला टर्नर व्हायचंय : अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी यंदा दहावी झाली. ७१ टक्के मिळाले. त्यांचं गाव हातकणंगले तालुक्यात. आयटीआयला जायचं हे तिचं आठवीपासून पक्कं आहे. तिच्या आजोबांचं सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं. सुट्टीत ही त्यांचा डबा घेऊन जायची आणि तास-तास मशीनपुढून हलायची नाही. बोअर, टेपर, थ्रेड हे शब्द घरात तिच्याइतके कुणाला कळत नाहीत.

वाद ट्रेडवरून आहे. तिला टर्नर, म्हणजे लेथवर धातू कापून घडवायच्या कामाचा ट्रेड घ्यायचाय. दाजी म्हणतात, आयटीआय कर, पण कोपा (संगणकाचा ट्रेड) घे, नाहीतर शिवणकामाचा ट्रेड घे. "तीस पोरांत तू एकटी काय करणार?" दाजी जुन्या वळणाचे असले तरी मुलीवर जीव आहे त्यांचा, म्हणूनच घाबरतात. ताई बिचारी दोघांच्या मधे. शेवटी दोघांनी मला सांगितलं, तू शहरात राहतेस, चार लोकांना विचारून सांग.

तर विचारते. मुलींना हे काम झेपतं का? शिकल्यावर खरंच मशीनवर उभं करतात का? पुढं संसार लागल्यावर काय? ज्यांनी स्वतः केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. पर्यायांचा फॉर्म याच आठवड्यात भरायचाय.

मृदा

कोपाला नावं ठेवू नका, माझ्या वहिनीला त्यावर तालुक्याच्या ठिकाणी चांगली नोकरी मिळाली. पण मुलीला लेथ आवडत असेल तर संगणकापुढं बसवून काय साधणार? आवड नसलेला ट्रेड दिला की पोरं सहा महिन्यांत यायची बंद होतात.

निवृत्त_निदेशक

मी फिटर आणि टर्नर या ट्रेडना २७ वर्षं शिल्पनिदेशक होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी कोरडी माहिती. टर्नर, मशिनिस्ट, फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एका वर्षाचा. सर्वसाधारण आयटीआयत ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. या ट्रेडना त्या भरत नाहीत आणि मग मुलांकडे जातात, त्यामुळे ७१ टक्क्यांवर जागा मिळणं अवघड नाही. पास झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं, त्यानंतर १९६१च्या कायद्याखाली कंपनीत शिकाऊ उमेदवारी. आणखी शिकायचं असेल तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. हे दाजींना जरूर सांगा, कारण "आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" असं अनेक पालकांना वाटतं.

आता झेपण्याबद्दल. माझ्या एका बॅचला पाच मुली आल्या. सुरुवातीचे आठवडे कानस मारण्याचे असतात, तोच पाया. मुलांचे जॉब (घासायला दिलेले लोखंडाचे तुकडे) हळूहळू सपाट यायला लागले, या पाचही जणींचे मात्र मधे उंच आणि कडांना उतरते. खांदे दुखायचे, एक-दोघी रडल्याही. आमच्यातले एक जण म्हणाले, मनगटात जोर नाही, यांना हा ट्रेड द्यायलाच नको होता. मलाही दोन आठवडे तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

एका दुपारी मी एकीच्या मागं उभा राहून नुसतं बघत होतो. कानस पुढं ढकलताना तिचे कोपर खांद्याच्या रेषेत जात होते. व्हाइसचा (जॉब आवळून धरायच्या पकडीचा) जबडा उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीला असावा, हे मीच दर वर्षी फळ्यावर लिहायचो. आमचे बेंच मात्र साडेपाच-पावणेसहा फुटी मुलांच्या हिशेबानं बसवलेले होते. पाच फुटांची मुलगी तिथं उभी राहिली की हात वर जातो, अंगाचं वजन कानशीवर पडत नाही, सगळा भार खांद्यावर येतो आणि कानस झोके खाते. मग जॉब मधे उंच राहणारच.

स्टोअरमधे मशिनच्या पेट्यांच्या फळ्या पडल्या होत्या. त्यांचे चार-चार इंचांचे पाट ठोकून घेतले आणि मुलींच्या पायांखाली दिले. आठ-दहा दिवसांत फरक पडला. गुण्या लावून जॉब खिडकीकडं धरला की आधी कडांना उजेड दिसायचा, तो दिसेनासा झाला. दोन बुटक्या मुलांनीही पाट मागून घेतले, त्यांचं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्यामुळे भाचीला पहिल्या महिन्यात "जमत नाही" असं वाटलं तर तिला आधी तिच्या व्हाइसची आणि लेथची उंची बघायला सांगा. पाट मागायला लाजू नये. निदेशकाला सरळ सांगावं.

टर्नरच्या कामात तर कानशीपेक्षाही जोर कमी लागतो, लागतं ते कान आणि लक्ष. टूलचा आवाज बदलला की धार गेली हे ज्याला ऐकू येतं तो टर्नर. आजोबांपाशी तास-तास उभी राहिलेली मुलगी असेल तर ते तिच्याकडं अर्धं आधीच आहे.

पंचगंगाकाठ

सर, तुमचा प्रतिसाद दाजींना मोठ्यानं वाचून दाखवला. पाटाचं ऐकून म्हणाले, "हे आमच्या आप्पांनीही केलं असतं." आप्पा म्हणजेच ते लेथवाले आजोबा.

चाकण_शिफ्ट

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, कारण खरी अडचण तिथं आहे.

मी मूळची जालन्याची. मशिनिस्ट ट्रेड केला, शिकाऊ उमेदवारीचं वर्ष केलं आणि एका कंपनीत लागले. मुलाखतीत मशीनवरचेच प्रश्न विचारले, उत्तरंही दिली. पहिल्या दिवशी नेऊन बसवलं कुठं, तर फायनल इन्स्पेक्शनला. "मुलींचं लक्ष बारीक असतं, हात स्वच्छ असतो." ऐकायला कौतुक वाटतं. एसी खोली, बसायला खुर्ची, घरचेही खूश. माझ्याबरोबरचे बॅचचे दोघं मुलगे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) गेले. वर्षभरात त्यांचा हात बसला, मी मायक्रोमीटर लावून रिपोर्ट भरत राहिले. चौदा महिन्यांनी एकदा मशीनपुढं उभी राहिले तर वर्क ऑफसेट (जॉब नेमका कुठं आहे ते मशीनला सांगणं) कसा घ्यायचा ते आठवायला वेळ लागला. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन वर्षं शिकलेलं हातातून चाललं होतं आणि कुणी काही वाईट वागलेलंही नव्हतं.

मग एचआरला लेखी अर्ज दिला, "मला मशीन शॉपला बदली हवी." उत्तर नाही. दुसरा दिला. मधल्या काळात शिफ्ट सुटली की अर्धा तास थांबून एका सेटर दादांच्या बाजूला उभी राहायचे. त्यांनी मनापासून शिकवलं. जॉब धरणाऱ्या फिक्स्चरला डायल (सरळपणा मोजायचं काट्याचं घड्याळ) कसा मारायचा, टूलची लांबी कशी घ्यायची, पहिला जॉब काढताना फीड कमी ठेवून एक हात स्टॉपच्या बटणाजवळ कसा ठेवायचा. चार महिन्यांनी दोघंजण सोडून गेले तेव्हा मला मशीन मिळालं. एकटीनं केलेल्या पहिल्या सेटिंगला डायलची सुई तीन काटे हलत होती, म्हणजे ०.०३ मिलिमीटर. परत सोडवलं, परत बांधलं, एक काट्यावर आणलं. तो दिवस मला तारखेसकट आठवतो.

भाचीला दोन गोष्टी सांगा. एक, ऑपरेटर आणि सेटर यांत फरक असतो. जॉब लावून हिरवं बटण दाबणारा ऑपरेटर, मशीनला काम शिकवणारा सेटर. पगार आणि मान सेटरला. दोन, इन्स्पेक्शन, स्टोअर, पॅकिंग यांपैकी काही दिलं तर घ्यावं, नोकरी सोडू नये, पण पहिल्या महिन्यापासून मशीनची मागणी लेखी करत राहावी.

मुलींना आयटीआयत आणा म्हणून सगळेच सांगतात. मशीनपुढं किती तास उभं राहू दिलं हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं तेवढंच आहे.

शिरोलीकर

पंचगंगाकाठताई, मी तुमच्याच भागातला. शिरोलीत माझं छोटं मशीन शॉप आहे, चौदा माणसं. चाकणच्या ताईंचं वाचून गप्प बसवेना.

सहा वर्षांपूर्वी एक पोरगी आली होती कामाला, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या लेथवरच्या) टर्निंगची, हात चांगला होता. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं "जागा नाही". खरं कारण एकच, शॉपला एकच संडास होता आणि त्याला कडीही धड नव्हती. पोरीला ते सांगायचं तोंड नव्हतं माझ्याकडं. तिला वाटलं असणार की पोरगी म्हणून नाकारली, आणि ते खरंच होतं की.

हे डोक्यातून जाईना. पावसाळा संपल्यावर मागच्या बाजूला वेगळं बांधून घेतलं, पाणी, दिवा, आतून कडी आणि झाकणाची बादली. महिलांसाठी वेगळी सोय हवी हे १९४८च्या कारखाना कायद्यात, कलम १९ मध्ये लिहिलेलंच होतं. आमच्यासारखे छोटे कारखानदार "आपल्याकडं बायका नाहीत, मग कशाला" म्हणतात, आणि सोय नाही म्हणून बायका येत नाहीत.

दुसरं वजनाचं. आमच्याकडं पंचवीस-तीस किलोचे कास्टिंग (ओतीव तुकडे) चकला, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीला, लावायला लागतात. पोरं उचलायची. मुली घ्यायच्या ठरवल्यावर दोन मशीनवर चेन पुली ब्लॉक बसवला. आता सगळे तोच वापरतात, आणि कंबर धरली म्हणून होणारे खाडे कमी झाले. तो आधीच बसवायला हवा होता.

आज माझ्याकडं तीन मुली आहेत, दोन टर्निंगला, एक ग्राइंडिंगला. ताई, भाचीला शिकाऊ म्हणून कधीही पाठवा. मशीनवरच उभी करीन, शब्द देतो.

बाप_दोन_लेकींचा

सगळं पटतंय, पण कुणीतरी बापाच्या बाजूनंही बोलायला हवं. माझी थोरली इलेक्ट्रिशियन करतेय. नातेवाईक विचारतात, लग्न कसं जमवणार, पाहुण्यांना काय सांगणार? रात्रपाळी लागली तर? मला लेकीच्या कामाची लाज नाही, पण रात्री अकराला तिची गाडी येईपर्यंत मी दारात उभा असतो. ही काळजी खोटी आहे का?

चाकण_शिफ्ट

काका, काळजी अगदी खरी आहे. जुन्या कायद्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात कामच देता येत नव्हतं. त्याचा उलटा त्रास असा, की तीन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनवर मुलगी नकोच, असं कंपन्या म्हणायच्या. नव्या श्रम संहितेत बाईची संमती आणि सुरक्षेच्या अटी ठेवून रात्रपाळी खुली केली आहे. म्हणजे संमती तुमच्या मुलीची लागते, हे तिला माहीत असू द्या. आमची बस शेवटच्या मुलीला दारात सोडते, मधे चौकात नाही. नोकरी घेताना बसचा रूट आणि शेवटचा स्टॉप विचारायचा. पगाराच्या आधी.

ठिणगी

लग्नाबद्दल मी सांगते. नाशिकला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वेल्डिंग मी करते, मापं आणि गिऱ्हाईक नवरा बघतो.

मी शिकले ते शाळेत. आमच्या शाळेत पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या पद्धतीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय होता. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या दुष्काळी गावात आश्रम काढला तो याच विचारानं, की हातानं काम करत शिकायचं. त्या तासाला वेल्डिंग मुलींनाही करावं लागायचं आणि स्वयंपाक मुलांनाही. नववीत मी शाळेच्या फाटकाची तुटलेली बिजागरी जोडली. ती अजून तशीच आहे, मागच्या दिवाळीत बघून आले.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचा आक्षेप वेल्डिंगला नव्हता, मंगळसूत्र काढण्याला होता. हे कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. गळ्यात धातू, हातात बांगड्या, बोटात अंगठी घालून होल्डर धरायचा नाही. लेथवर तर त्याहून नाही, फिरत्या चकमधे बांगडी किंवा ओढणी अडकली तर सोडवायला वेळ मिळत नाही. सासूबाईंना वर्कशॉपमधे खुर्ची टाकून बसवलं, काळी काच हातात दिली आणि एक सांधा मारून दाखवला. ठिणग्या कुठपर्यंत उडतात ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच देव्हाऱ्याजवळ एक पितळी डबी ठेवली. सकाळी मंगळसूत्र त्यात, संध्याकाळी अंघोळ करून परत गळ्यात. नऊ वर्षं झाली.

कपडे जाड सुती हवेत. पॉलिस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. माझ्या डाव्या हाताला पहिल्या वर्षीची खूण आहे, लेगिंग्ज आणि टॉप घालून उभी राहिले होते त्या दिवसाची.

खांबावरून

मी महावितरणमधे, वाशिम जिल्ह्यात. इलेक्ट्रिशियन ट्रेड करून विद्युत सहाय्यक म्हणून लागले, तीन वर्षांनी तंत्रज्ञ झाले. दोन लेकींच्या बाबांसाठी लिहिते आहे.

काम धोक्याचं आहे, पण धोका बाई-माणूस बघत नाही. जो पायरी गाळतो त्याला तो गाठतो. परमिट (लाइनवर काम करायची परवानगी) घेतल्याशिवाय लाइनला हात नाही. लाइन बंद केली तरी डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग केल्याशिवाय ती मेली असं धरायचं नाही, कारण पलीकडून कुणाच्या इन्व्हर्टरचा नाहीतर जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो. सेफ्टी बेल्ट अडकवल्याशिवाय दोन्ही हात सोडायचे नाहीत. लेकीला हे पाठ नको, अंगवळणी पडू द्या.

फिरतीवर संडासाची सोय नसते, तो आमचा खरा प्रश्न. मी माझ्या सेक्शनच्या प्रत्येक गावात एक घर ठरवून ठेवलंय. कुठं अंगणवाडी सेविका, कुठं आशाताई, एका गावात पिठाच्या गिरणीवाल्या काकू. त्यांचा फ्यूज गेला की मी आधी जाते, माझी गाडी दारात थांबली की त्या काही न विचारता बादली भरून ठेवतात. नव्या मुलींना मी सगळ्यात आधी ही घरं दाखवते.

कराडकर

एक जवळचं उदाहरण राहून गेलं. सातारा जिल्ह्यातल्या सुरेखा यादव. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून विद्युत पदविका, १९८६ साली रेल्वेत, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. ८ मार्च २०११ला त्यांनी डेक्कन क्वीन घाट उतरवून मुंबईला नेली, १३ मार्च २०२३ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. २०२५ मध्ये निवृत्त झाल्या.

पंचगंगाकाठताई, सहाय्यक लोको पायलटच्या भरतीला आयटीआय चालतो आणि त्या ट्रेडच्या यादीत टर्नर आहे. दाजींच्या कानावर घालाच.

बाप_दोन_लेकींचा

खांबावरूनताई, तुमचा प्रतिसाद लेकीला वाचायला दिला. तिनं वहीत उतरवून घेतलाय. मी आता दारात उभा राहीन, पण जरा कमी घाबरून.

पंचगंगाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल माफ करा.

पहिला पर्याय टर्नर भरला आणि पहिल्याच फेरीत मिळाला. दाजी स्वतः तिला घेऊन आयटीआयत गेले. शॉप बघितलं, निदेशकांना भेटले, आणि पाटाचा प्रश्न त्यांनीच विचारला. निदेशक म्हणाले, आमच्याकडं पाट नाहीत, पण करून घेऊ. दाजींनी सांगितलं, माप द्या, मी घरून करून आणतो. येताना शिरोलीकर दादांच्या शॉपवरही जाऊन आले, तिथल्या मुलींशी भाची अर्धा तास बोलत होती.

बॅचमधे दोनच मुली आहेत. दुसरी पन्हाळ्याकडची आहे. दोघींनी एकाच एसटीनं यायचं ठरवलंय.

आता एकच अडलंय. सेफ्टी शूज. हिचा पाय चार नंबरचा. तीन दुकानं पालथी घातली, सहाच्या खाली कुणाकडं नाही. दुकानदार म्हणतो, सहा घ्या आणि दोन जाड मोजे घाला. घेऊ का?

निवृत्त_निदेशक

अजिबात नको. मोठ्या बुटात पाय पुढं सरकतो, पुढची लोखंडी टोपी चुकीच्या जागी येते, आणि लेथपाशी जमिनीवर कूलंट-तेल असतं तिथं घसरायला होतं. दुकानदाराला कंपनीकडून चार नंबर मागवायला सांगा, आठवडा थांबायला लागलं तरी थांबा. तोवर थिअरीचे तास करू दे, निदेशकांना कारण सांगितलं की ते समजून घेतील.

चाकण_शिफ्ट

महिलांच्या मापाचे लोखंडी टोपीचे बूट ऑनलाइनही मिळतात, मी तेच वापरते. मागवताना पायाची लांबी सेंटिमीटरमधे मोजून बघा, नंबरावर जाऊ नका. संध्याकाळी मोजायची, दिवसभर उभं राहून पाय फुगतो. आणि दुसऱ्या मुलीलाही विचारा, दोन जोड एकदम मागवा.